अर्ध्या वाटेवर थांबणारी अळी: वासरांच्या फुप्फुसजंतावरील लसीचा प्रकरण अभ्यास

१९५९ साली ब्रिटनमधल्या पशुवैद्यकांच्या हाती डिक्टॉल नावाची लस आली. एका डोसात पाणी आणि त्या पाण्यात सुमारे १,००० जिवंत अळ्या. हा डोस वासराला पाजायचा आणि चार आठवड्यांनी तेवढाच दुसरा पाजायचा. सुई नाही, सिरिंज नाही. ज्या जंतामुळे वासरं दगावत होती त्याच जंताच्या या अळ्या होत्या. फरक एवढाच, की त्यांच्यावर आधी सुमारे ४०० ग्रे (ग्रे हे शरीरात शोषल्या जाणाऱ्या किरणांचं माप) क्ष-किरण सोडलेले होते.

४०० ग्रे म्हणजे नेमके किती? माणसाच्या सर्वांगावर एकाच वेळी ४ ते ५ ग्रे किरण पडले आणि उपचार मिळाले नाहीत, तर निम्मी माणसं वाचत नाहीत. त्याच्या जवळजवळ शंभरपट मात्रा घेऊनही ही अळी जिवंत असते, वळवळते, वासराच्या आतड्याची भिंत भेदून आत शिरते. (अळी किरणोत्सर्गी होते का, असं अनेकांना वाटतं. होत नाही. किरण तिच्यातून जातात, तिच्यात साठत नाहीत.)

किरणांनी क्षीण केलेल्या जंतांना यजमान प्राणी, म्हणजे जंत ज्याच्या शरीरात राहतो तो प्राणी, कसा प्रतिसाद देतो, याचं सगळ्यात पूर्ण उदाहरण म्हणजे ही लस. प्रयोगशाळेतल्या उंदरांवर थांबलेलं हे काम नाही. गोठ्यात, कुरणावर, बाजारात अशा तिन्ही ठिकाणी ती साठ वर्षांहून अधिक काळ टिकली आहे. तरीही 'अशक्त जंत दिले, प्राण्याला प्रतिकारशक्ती आली' एवढ्यावर तिची गोष्ट संपवली तर खरा मुद्दा हातातून निसटतो. अळी शरीरात किती दूरवर जाते, कुठे थांबते आणि थांबलेल्या जागी किती दिवस जिवंत राहते, यावर प्रतिकारशक्ती ठरते. किरणांची मात्रा हे ते अंतर ठरवण्याचं साधन आहे.

जंत आणि त्याची वाट

डिक्टिओकॉलस व्हिव्हिपॅरस हा पांढरा, दोऱ्यासारखा, आठ सेंटिमीटरपर्यंत लांब होणारा जंत. गुरांच्या श्वासनलिकेत आणि तिच्या मोठ्या फांद्यांत तो राहतो. मादीने घातलेली अंडी जवळजवळ तिथेच फुटतात. अळ्या खोकल्याबरोबर घशाशी येतात, गिळल्या जातात आणि शेणावाटे बाहेर पडतात. शेणात त्या काहीही खात नाहीत. अंगात जन्मापासून साठवलेल्या अन्नकणांवर दिवस काढतात, कात टाकतात पण जुनी कात अंगावरून उतरवत नाहीत, आणि हवा पुरेशी उबदार असेल तर पाचेक दिवसांत संसर्गक्षम होतात. ही तिसरी अवस्था.

आता इथे या जंताची पंचाईत होते. अळ्या कमालीच्या सुस्त असतात आणि गुरं शेणाच्या पोहाजवळचं गवत सहसा खात नाहीत. मग गवतापर्यंत पोहोचायचं कसं? पायलोबोलस नावाची एक बुरशी शेणावर उगवते. पाण्याने फुगलेल्या बारीक काचेरी दांड्या आणि प्रत्येकीच्या टोकाला बीजाणूंची काळी टोपी, असं तिचं रूप. अळ्या त्या दांड्यांवर चढतात आणि टोपीवर गोळा होतात. दांडीतला दाब वाढला की टोपी उडते आणि दोन-तीन मीटर लांब जाऊन गवतावर चिकटते. वर बसलेल्या अळ्या तिच्याबरोबर तिथे पोहोचतात. पावसानेही अळ्या पसरतात, गुरांच्या खुरांनीही पसरतात, पण बुरशीची ही सोय पाहिली की उत्क्रांतीला दाद द्यावीशी वाटते.

गवताबरोबर पोटात गेलेली अळी आतड्याची भिंत ओलांडते आणि आतड्यालगतच्या लसिकाग्रंथींत, म्हणजे संरक्षण पेशींच्या छोट्या गाठींत, शिरते. तिथे ती पुन्हा कात टाकते, चौथ्या अवस्थेत जाते. मग लसिका (ऊतींतून झिरपणारा पातळ द्रव) आणि रक्त यांच्या प्रवाहातून साधारण आठवडाभरात फुप्फुसात येते, केशवाहिन्या फोडून वायुकोशांत उतरते, तिथून बारीक श्वासनलिकांत, तिथून मोठ्या नलिकांत. तीन-चार आठवड्यांत जंत वयात येऊन अंडी घालू लागतो. आतडं, लसिकाग्रंथी, रक्त, वायुकोश, श्वासनलिका हा क्रम लक्षात ठेवावा, कारण पुढचा सगळा हिशोब याच वाटेवरचा आहे.

आजार मुख्यतः पहिल्यांदाच चरायला सोडलेल्या वासरांना होतो. उन्हाळ्याचा उत्तरार्ध ते शरद हा ब्रिटनमधला त्याचा मोसम. आधी बारीक नलिका इओसिनोफिल या पांढऱ्या रक्तपेशींनी भरलेल्या स्रावाने तुंबतात, त्यामागचे वायुकोश मिटतात. पुढे प्रौढ जंतांचे गुंते श्वासनलिकेत भरतात आणि अंडी व नवजात अळ्या श्वासाबरोबर आत ओढल्या जाऊन न्यूमोनिया होतो. वासरू मान पुढे ताणून, तोंड उघडं टाकून उभं राहतं. ढास लागते. श्वास मिनिटाला साठाच्या पुढे जातो. १९५० च्या दशकात यावर भरवशाचं औषध नव्हतं.

ग्लासगोमधली चाचपणी

स्कॉटलंडमधल्या ग्लासगो विद्यापीठाच्या पशुवैद्यक विभागातल्या एका गटाने १९५० च्या दशकात हा प्रश्न हाती घेतला. बिल जॅरेट, फ्रँक जेनिंग्ज, इयन मॅकिन्टायर, बिल मलिगन आणि जॉर्ज अर्कहार्ट ही त्यातली मुख्य नावं. विकृतिशास्त्र, परजीवीशास्त्र, जीवरसायन आणि गोठ्यातलं प्रत्यक्ष वैद्यक असं सगळं एका टेबलाशी बसलं होतं. (याच जॅरेट यांनी पुढे १९६४ मध्ये मांजरांतल्या रक्ताच्या कर्करोगाचा विषाणू शोधला.)

त्यांच्या हातात एक पक्कं निरीक्षण होतं. हा आजार होऊन बरं झालेलं गुरू पुन्हा सहसा आजारी पडत नाही. जंतांच्या बाबतीत हे दुर्मीळ आहे. आतड्यातले बहुतेक जंत वर्षानुवर्षं पाहुणचार घेत राहतात आणि शरीर त्यांना सहन करत राहतं. इथे मात्र शरीर शिकत होतं, आणि पक्कं शिकत होतं. प्रश्न एवढाच होता, की आजारी न पाडता हे शिकवायचं कसं?

पहिला प्रयत्न रक्तद्रवाचा. १९५५ मध्ये त्यांनी दाखवलं, की प्रतिकारक्षम गुरांचा रक्तद्रव टोचला तर वासरांना काही प्रमाणात संरक्षण मिळतं. म्हणजे प्रतिपिंडांचा, रक्तातल्या संरक्षक प्रथिनांचा, यात हात आहे. पण प्रत्येक वासराला रक्तद्रव टोचत बसणं हा काही व्यवहार्य मार्ग नव्हे, आणि उसनी प्रतिकारशक्ती फार टिकतही नाही.

दुसरा प्रयत्न मेलेल्या जंतांचा. जंत वाटून, त्यांची प्रथिनं टोचून पाहिली. प्रतिपिंड तयार झाले, संरक्षण मात्र पुरेसं मिळालं नाही. हा निकाल नकारात्मक म्हणून बाजूला ठेवण्यासारखा नाही. जंताच्या शरीरातले पदार्थ शरीराला दाखवणं पुरेसं नाही, हे इथेच दिसलं होतं.

जिवंत अळ्या थोड्या संख्येने दिल्या तर? प्रतिकारशक्ती येते. पण त्या अळ्या वयात येणार, अंडी घालणार, कुरण दूषित करणार. लस द्यायची आणि तिच्याच पायी रोग पसरवायचा, असा तो प्रकार झाला असता.

तेव्हा त्यांनी किरणांचा मार्ग धरला. कल्पना अगदीच नवी नव्हती. लेव्हिन आणि इव्हान्स यांनी १९४२ मध्ये ट्रिकिनेला या जंताच्या अळ्यांवर क्ष-किरण सोडून त्या उंदरांना खाऊ घातल्या होत्या आणि प्रतिकारशक्ती येते असं दाखवलं होतं. ग्लासगोच्या गटाने ती कल्पना फुप्फुसजंतावर आणली आणि तिला मात्रेची शिस्त लावली. किरण कमी पडले, की अळ्यांपैकी बऱ्याच जणी तग धरून फुप्फुसात वयात येत, वासरू आजारी पडे. किरण जास्त झाले, की वासराला काहीच होत नसे, पण पुढे खऱ्या संसर्गापासून संरक्षणही मिळत नसे. ४०,००० रॉन्टजेन, म्हणजे आजच्या भाषेत सुमारे ४०० ग्रे, या मात्रेला दोन्ही गोष्टी साधल्या. १९५८ मध्ये गोठ्याबाहेरच्या चाचणीचे निकाल प्रसिद्ध झाले, दुसऱ्या वर्षी लस बाजारात आली. या झेपेचं आजही आश्चर्य वाटतं. कोणतं प्रथिन संरक्षण देतं हे त्यांना ठाऊक नव्हतं, आणि खरं सांगायचं तर लस बनवायला ते ठाऊक असण्याची गरजही पडली नाही.

किरणांनी अळीचं नेमकं काय होतं

किरण डीएनए तोडतात. ज्या पेशींना विभागायचं आहे त्यांना हे तुटणं महागात पडतं, ज्यांना विभागायचं नाही त्यांचं काम बराच काळ चालू राहतं. तिसऱ्या अवस्थेतल्या अळीचे स्नायू, चेतापेशी, त्वचा तयार झालेली असते. ती चालू शकते, भिंत भेदू शकते, तिच्या ग्रंथी स्राव सोडू शकतात. अडतं ते पुढच्या वाढीत आणि जननेंद्रियांत, कारण तिथे पेशींना विभागावंच लागतं.

त्यामुळे पाजलेली अळी नेहमीचीच वाट धरते. आतडं ओलांडते, लसिकाग्रंथीत पोहोचते. पुष्कळशा अळ्यांचा प्रवास तिथेच खुंटतो. काही फुप्फुसापर्यंत जातात, पण प्रौढ होणाऱ्या विरळाच. याची खूण गोठ्यात दिसते. डोस पाजल्यावर आठवडा-दहा दिवसांनी काही वासरं हलकेच खोकतात, श्वास थोडा वाढतो. नेमका तोच काळ, ज्यात अळ्या फुप्फुसात पोहोचायच्या. लस घेतल्यावर वासरू खोकलं तर धास्तावू नये, असं म्हणूनच सांगितलं जातं.

आणखी एक पुरावा अलीकडचा आहे आणि तो मला फार बोलका वाटतो. गुरांना फुप्फुसजंत झाला आहे का हे रक्तावरून ओळखायला एक चाचणी निघाली. ती जंताच्या शुक्रपेशीतल्या मेजर स्पर्म प्रोटीन या प्रथिनाविरुद्धचे प्रतिपिंड शोधते. नर वयात आल्याशिवाय हे प्रथिन तयार होत नाही. ज्या वासरांना फक्त लस दिली आहे, खरा संसर्ग झालेला नाही, त्यांच्यात ही चाचणी नकारात्मक येते. अळ्या वयात येण्याआधीच थांबल्या, याची यापेक्षा सरळ साक्ष कोणती? आणि संरक्षणासाठी शरीराला प्रौढ जंताची ओळख व्हावी लागत नाही, हेही त्यातच आलं.

शरीर कुठे शिकतं

अळी ज्या लसिकाग्रंथीत अडकते ती काही वाटेतली धर्मशाळा नाही. शरीराच्या संरक्षण पेशी तिथेच ओळख करून घेतात, तिथेच वाढतात आणि तिथूनच पसरतात. मेलेल्या जंताचं प्रथिन टोचलं तर ते काही दिवसांत साफ होतं. जिवंत, कात टाकण्याच्या खटपटीत असलेली, स्राव सोडणारी अळी तिथे टिकून राहते आणि ज्या वयाच्या अळीला पुढे अडवायचं आहे नेमक्या त्याच वयाचे स्राव दाखवत राहते. जंतांविरुद्धच्या नेहमीच्या प्रतिसादाची सगळी सामग्री मग उभी राहते: आयजीई आणि आयजीजी वर्गातले प्रतिपिंड, इओसिनोफिल, मास्ट पेशी. पुढच्या वेळी खऱ्या अळ्या आल्या, की त्यांतल्या बहुतेक फुप्फुसात बस्तान बसवण्याआधीच मारल्या जातात.

गुरांच्या ग्रंथी रोज उघडून पाहता येत नाहीत, त्यामुळे 'कुठे आणि किती दिवस' या प्रश्नाचं सर्वांत नेटकं उत्तर दुसऱ्याच जंतावरून मिळालं. शिस्टोसोमा मॅन्सोनी हा रक्तवाहिन्यांत राहणारा जंत. त्याच्या अळ्या त्वचेतून शिरतात, तिथून फुप्फुसात आणि पुढे यकृताकडच्या शिरांत जातात. किरण दिलेल्या अळ्यांचा एक डोस उंदरांना दिला, की पुढच्या संसर्गातले साठ-सत्तर टक्के जंत कमी होतात. इंग्लंडमधल्या यॉर्क विद्यापीठातल्या संशोधकांनी दोन मात्रांची तुलना केली, २०० ग्रे आणि ८०० ग्रे. २०० ग्रे घेतलेल्या अळ्या त्वचेलगतच्या लसिकाग्रंथींत आणि फुप्फुसात पोहोचल्या आणि तिथे रेंगाळल्या. ८०० ग्रे घेतलेल्या बहुतांशी त्वचेच्या पुढे सरकल्याच नाहीत, आणि त्यांनी दिलेलं संरक्षणही कमी होतं. शिरकावाच्या जागेलगतच्या लसिकाग्रंथी आधीच काढून टाकल्या तरीही संरक्षण घटलं.

ग्लासगोच्या गटाने वासरांवर अंदाजाने गाठलेली मधली मात्रा का चालते, याचं कारण इथे सापडतं. जास्त किरण म्हणजे जास्त सुरक्षित लस, असं समीकरण नाही. दारातच मेलेली अळी काही शिकवत नाही.

शिस्टोसोमाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट नोंदवण्यासारखी आहे. लस घेतलेल्या उंदराच्या फुप्फुसात नवी अळी आली, की तिच्याभोवती लिम्फोसाइट आणि मॅक्रोफेज या संरक्षण पेशींचा गराडा पडतो. त्या गराड्यात अळी तिथल्या तिथे मरतेच असं नाही. तिची वाट अडते, ती रक्तवाहिनी सोडून वायुकोशात घसरते आणि मुक्कामाला पोहोचतच नाही. इथे पुढाकार इंटरफेरॉन-गॅमा हे संदेशवाहक प्रथिन सोडणाऱ्या टी-पेशींचा (लिम्फोसाइटचाच एक प्रकार) असतो, इओसिनोफिल आणि आयजीई यांचा नाही. म्हणजे तंत्र एकच, किरण दिलेली अळी, पण दोन जंतांविरुद्ध शरीराने काढलेली हत्यारं वेगळी. 'क्षीण जंतांना प्रतिसाद' अशी एकच एक गोष्ट नसते. जंत कोणता, तो कुठून शिरतो आणि कुठे रेंगाळतो, त्याप्रमाणे शरीर उत्तर देतं. एका जंतावर बसवलेला खुलासा दुसऱ्यावर उचलून ठेवणारे लेख वाचले की म्हणूनच खटकतं.

कुरणावर

लसीचा वापर कसा करायचा याचे नियम आजही जवळपास तेच आहेत. वासरू किमान आठ आठवड्यांचं हवं. दोन डोसांत चार आठवड्यांचं अंतर हवं. दुसऱ्या डोसनंतर किमान दोन आठवडे ते कुरणावर सोडायचं नाही. आणि या काळात जंतनाशक द्यायचं नाही. हा शेवटचा नियम ऐकायला साधा, पण मोडला जातो तो हाच. लसीतली अळी जिवंत राहिली तरच लस चालते. दीर्घकाळ टिकणारं जंतनाशक वासराच्या अंगात असेल, तर ते औषध लसीलाच मारतं. वासराला लस दिल्याची नोंद कागदावर राहते, प्रतिकारशक्ती मात्र येत नाही.

दुसरी मर्यादा अधिक खोल आहे. या लसीने येणारी प्रतिकारशक्ती निखळ नसते. लस घेतलेल्या वासरात खऱ्या संसर्गानंतर थोडे जंत वाढतातच, शेणातून थोड्या अळ्या बाहेर पडतातच. दोषच तो, पण लसीचं यशही त्यावरच उभं आहे. दोन डोसांनी आलेली प्रतिकारशक्ती कायमची नसते. पुन्हा संपर्क आला नाही तर ती ओसरते. कुरणावरच्या थोड्या अळ्या दर मोसमात तिला उजाळा देत राहतात. म्हणूनच लस घेतलेल्या आणि न घेतलेल्या वासरांना एकाच कुरणावर सोडू नये असं सांगतात. न घेतलेल्या वासरात जंत मनमुराद वाढतात, कुरण अळ्यांनी भरून जातं आणि तो भार लस घेतलेल्यांनाही पेलत नाही.

प्रतिकारक्षम गुरावर अळ्यांचा असा मोठा भार पडला तर काय होतं, याचं चित्र विकृतिशास्त्राच्या पुस्तकांत आहे. अळ्या फुप्फुसात पोहोचतात आणि बारीक नलिकांत मारल्या जातात. मेलेल्या प्रत्येक अळीभोवती लसिका पेशींची करडी-हिरवट गाठ तयार होते, साधारण पाच मिलिमीटरची. गाय खोकते, धापा टाकते, दूध कमी देते. शेणात अळ्या मिळत नाहीत, कारण जंत वयात आलेलेच नसतात. इथे आजार जंत करत नाही, जंताला मारणारी प्रतिकारशक्ती करते. या प्रकरणातली ही सर्वांत अस्वस्थ करणारी बाजू. यजमानाचा प्रतिसाद म्हणजे नेहमी लाभच, असं समजणाऱ्याने ती फुप्फुसं एकदा पाहावीत.

१९८१ मध्ये आयव्हरमेक्टिन आलं आणि चित्र पालटलं. जंत झाले की औषध द्यायचं, हे लसीचं वेळापत्रक सांभाळण्यापेक्षा सोपं होतं. लसीचा खप उतरला. औषधाच्या कडक वापराने वासरं जंतांच्या संपर्कातच येईनाशी झाली, म्हणजे शिकण्याची संधीही गेली. १९९० च्या दशकात ब्रिटनमध्ये हा आजार मोठ्या, दूध देणाऱ्या गाईंत वाढताना दिसला, जो पूर्वी वासरांचा आजार मानला जायचा. माझ्या मते यात औषधाचा दोष नाही. दोष आहे तो औषध म्हणजे लसीला पर्याय असं समजण्याचा. औषध जंत मारतं, शरीराला काही शिकवत नाही.

तीच मात्रा, दुसरा जंत

ग्लासगोमधल्याच अनुभवातून टी. ए. मिलर यांनी कुत्र्यांच्या अंकुशकृमीवर, अँकिलोस्टोमा कॅनायनमवर, अशीच लस तयार केली. किरणांची मात्रा तीच, सुमारे ४०० ग्रे. अळ्या पाजण्याऐवजी त्वचेखाली टोचायच्या. प्रयोगांत पिल्लांना भरीव संरक्षण मिळालं, जीव घेणारा रक्तक्षय टळला. १९७३ मध्ये अमेरिकेत ती विक्रीला आली आणि १९७५ मध्ये बंद झाली.

शरीराने प्रतिसाद दिला नाही म्हणून ती बंद पडली नाही. प्रतिसाद उत्तम होता. पण लस घेतलेल्या पिल्लाच्या विष्ठेत काही अंडी दिसत राहायची, आणि दवाखान्यातल्या डॉक्टरला अंडी दिसली की लस फसली असंच वाटायचं. कुरणावरच्या वासरात थोडे जंत उरणं चालतं, कारण मालकाला हवं असतं न खोकणारं वासरू. घरात पाळलेल्या कुत्र्याच्या मालकाला हवं असतं जंत नसलेलं कुत्रं. त्यात जिवंत अळ्यांची लस फार दिवस टिकत नाही, ती बनवायला महाग पडते, आणि तोवर औषधंही मिळू लागली होती. एकच जैविक निकाल एका ठिकाणी यश ठरला, दुसऱ्या ठिकाणी अपयश.

मेंढ्यांच्या हिमॉन्कसच्या बाबतीत मात्र जीवशास्त्रानेच हात वर केले. रक्त पिणारा हा जठरातला जंत. किरण दिलेल्या अळ्यांनी मोठ्या मेंढ्यांना चांगलं संरक्षण मिळालं, पण काही महिन्यांच्या कोकरांना मिळालं नाही. आणि नेमकी तीच वयाची कोकरं या जंताने मरतात. तेवढ्या वयात कोकराचं शरीर त्या जंताला पुरेसं उत्तर देऊ शकत नाही, अळी कितीही नेमकी क्षीण केली तरी. फुप्फुसजंतावरच्या लसीचं नशीब असं, की आठ आठवड्यांचं वासरू तिच्यापासून शिकू शकतं.

फुप्फुसजंतांच्याच घरातला मेंढ्यांचा जंत, डिक्टिओकॉलस फिलेरिया, मात्र वश झाला. काश्मीर खोऱ्यात गॅमा किरण दिलेल्या अळ्यांची लस मेंढ्यांसाठी तयार झाली आणि तिथल्या कळपांत वापरलीही गेली. घर तेच, शरीरातली वाट बरीचशी तीच, निकालही तसाच.

बनवण्याची कटकट

ही लस आजही जिवंत प्राण्यावाचून बनत नाही. आधी काही वासरांना मुद्दाम संसर्ग करायचा, त्यांचं शेण गोळा करायचं, त्यातून अळ्या वेगळ्या करायच्या, त्या तिसऱ्या अवस्थेपर्यंत वाढवायच्या, मोजायच्या, किरण द्यायचे, आणि मरायच्या आत गोठ्यावर पोहोचवायच्या. गोठवून साठवायची सोय नाही, त्यामुळे मोसम पाहून मागणी नोंदवावी लागते.

यातून सुटका म्हणून जंताची एकेक प्रथिनं प्रयोगशाळेत बनवून पाहिली गेली, उदाहरणार्थ अळीच्या स्रावातलं ॲसिटिलकोलिनेस्टरेज आणि स्नायूतलं पॅरामायोसिन. किरण दिलेल्या अळीच्या जवळपास जाईल असं संरक्षण त्यांनी दिलेलं नाही. अर्ध्या वाटेपर्यंत चालत जाणारी अळी शरीराला एका प्रथिनापेक्षा कितीतरी अधिक दाखवते, योग्य जागी दाखवते आणि योग्य क्रमाने दाखवते. तेवढं सगळं बाटलीत भरायचं तर सध्या अळीच भरावी लागते.

हिमॉन्कसवर अखेर लस निघाली ती अगदी उलट्या दिशेने. २०१४ मध्ये ऑस्ट्रेलियात आलेल्या बार्बरव्हॅक्समध्ये जंताच्या आतड्याच्या अस्तरातली प्रथिनं आहेत, जी नैसर्गिक संसर्गात मेंढीच्या संरक्षण पेशींना दिसतच नाहीत. मेंढीच्या रक्तात त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंड तयार होतात, जंत ते रक्त पितो आणि त्याच्या आतड्याचं काम बिघडतं. जंताच्या संपर्काने या प्रतिकारशक्तीला उजाळा मिळत नाही, म्हणून मोसमात पुन्हा पुन्हा टोचावी लागते. आणि तिच्यासाठी लागणारे जंतही मेंढ्यांच्याच जठरातून गोळा केले जातात.